आधी तुमचं तोंड दाखवा

आमच्या आरोग्य केंद्रात सगळे तिला ताईच म्हणतात, तिच्याहून मोठ्या बायकासुद्धा. मी औषधांच्या खिडकीत बसते. ती घरोघर, कारखान्याकारखान्यांत फिरते. खांद्याला पिशवी, पिशवीत बॅटरी आणि तंबाखूच्या दुष्परिणामांचा चित्रतक्ता. वीस वर्षं उलटून उलटून त्या तक्त्याची पानं मऊ पडली आहेत. ती बोलायला लागली, की सिगारेट ओढणारा माणूससुद्धा शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा आणि मगच पेटवायचा.

आणि हीच ताई दिवसातून चारदा दातांना तंबाखूची पूड लावत होती.

चौदाव्या वर्षी दाढ ठणकली म्हणून मावशीनं चिमूटभर लावून दिली. दाढ दुखायची थांबली, पूड मात्र सुटली नाही. लग्न झालं, दोन मुली झाल्या, ही नोकरी लागली. डबी मोरीतल्या साबणामागे असायची. नवऱ्याला वाटायचं, बायकोला स्वच्छतेचं वेड आहे. वास झाकायला माझ्याकडून ती खोकल्याच्या गोळ्या मागून न्यायची. मला वाटायचं, बिचारीचा बोलून बोलून घसा बसतो.

एका सकाळी चूळ भरताना डावा गाल आतून झोंबला. तिनं आरशासमोर बॅटरी धरली. पांढरा चट्टा, नखाएवढा. तक्त्यावरच्या चित्रासारखाच. त्या चित्राखालचं वाक्य तिला तोंडपाठ होतं: लगेच दाखवा, वेळ घालवू नका.

तिनं चार महिने घालवले. दाखवणार कुणाला? उत्तम कामासाठी दरवर्षी तिचं नाव वर पाठवणाऱ्या आमच्या डॉक्टरबाईंना? दुसऱ्या दवाखान्यात जावं, तर तिथंही सगळे ओळखीचे. पूड सोडून पाहिली. दुसऱ्याच दिवशी भाजी करपली म्हणून धाकटीवर ती खेकसली, आणि स्वतःच्याच आवाजाला भिऊन मोरीत शिरली. दार लावून घेतलं आणि डबी काढली. चट्टा पसरत होता, आणि ती रोज दुसऱ्यांच्या तोंडात बॅटरी मारत होती.

मग एकदा शिवणकामाच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, तोंडं तपासायला बायका रांगेत उभ्या होत्या. पहिलीच होती काज करणारी म्हातारी. ताईचं ऐकून तिनं गेल्याच वर्षी पूड सोडली होती.

"आमची तोंडं रोज बघता. आज आधी तुमचं दाखवा!" ती म्हणाली.

सगळ्या खिदळल्या. कुणीतरी ताईच्या हातातून बॅटरी काढून घेतली.

"अगं, माझं काय बघायचंय?"

"का? कुलूप लावलंय का तोंडाला?"

ताई हसली, पण ओठ मिटूनच. "आज दाढ दुखतेय गं."

म्हातारी चेष्टेनंच पुढं वाकली आणि तशीच थांबली. तिचं हसू विरलं. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती म्हणाली, "मी चाळीस वर्षं लावलीय, ताई. मला वास कळतो."

म्हातारीनं बॅटरी परत घेतली, पिशवीत टाकली आणि पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली. "चला. मी येते बरोबर."

दोघी केंद्रात आल्या तेव्हा मी खिडकीतच होते. डॉक्टरबाईंनी बराच वेळ गाल पाहिला. रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "तुम्हाला हे मी काय समजावून सांगू?" ते ऐकून ताई पहिल्यांदा रडली.

चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर नव्हता, पण वाट तिकडचीच होती. मोठ्या दवाखान्यात चट्टा काढला. पूड थांबली नाही तर तो पुन्हा येईल, असं त्यांनी बजावलं. घरी तिनं सगळं सांगितलं. धाकटीनं विचारलं, "मग आई, इतकी वर्षं तू लोकांना काय सांगत होतीस?"

पूड सोडून अकरा आठवडे झाले. मध्ये दोनदा पुन्हा लावली, ते तिनं मला आपणहून सांगितलं. तपासणी दर तीन महिन्यांनी आहे. फिरती चालूच आहे. स्वतःच्या गालाचं मात्र तिनं अजून कुठल्याच बैठकीत सांगितलेलं नाही.

"रोज ठरवून निघते गं," ती परवा म्हणाली. "चार बायका समोर बसल्या, की जीभच उचलत नाही."