सुकटवालीच्या नातवाचं नाव

लिहिण्याचा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा चूकभूल पोटात घालावी.

पनवेलच्या बाजारात एक म्हातारी सुकट विकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की ती पदराने माशा वारत बसायची.

एकदा तिने मला थांबवलं. "कालेजवाल्या, उद्या नातवाचं बारसं हाय. नाव सांग."

मी विचार करून 'मृगांक' सुचवलं. असं नाव पंचक्रोशीत कुणाचं नसेल, हेही सांगितलं.

"मंग नको. आदीचे दोन नातू गेले. यमाला आवडू नयेत म्हनून दगडू, धोंडू नावं ठेवलेली. तशी आता कोन ठेवतं? म्हनून यमाला लगेच सापडले. हल्ली सगल्यांच्या पोरांचं काय नाव असतं?"

"सुरेश."

"मंग सुरेश. गर्दीत ऱ्हाऊ दे."

मी सुकट घेऊन घरी गेलो.

परवा तिच्या गावचा एकजण एसटीत भेटला. नातू यंदा शाळेत जाऊ लागला म्हणे. गुरुजींनी 'सुरेश' म्हटलं की अर्धा वर्ग उभा राहतो. हा मात्र बसून असतो. पहिल्या हाकेला उठायचं नाही, असं आजीने बजावलं आहे.