आतलं उघडेना

जव्हारला माझं झेरॉक्स आणि फोटो प्रिंटचं छोटं दुकान आहे. एका दुपारी वावर गावाहून एक माणूस आला. त्याची बायको वारून महिना झाला होता. तिचा फोटो फ्रेम करून हवा होता, आणि फोटो होते फक्त फोनमध्ये. फोन पडून स्क्रीन काळी झाली होती.

"कॉम्प्युटरला लावा ताई, निघंल," तो म्हणाला.

मी लावला. कॉम्प्युटरने आवाज केला, फोनचं नाव दाखवलं. त्याचा चेहरा उजळला. फोल्डर उघडलं, तर रिकामं.

केबल बदलली, मागच्या पोर्टला लावून पाहिलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पुन्हा तेच. फोनचं लॉक उघडून परवानगी दिल्याशिवाय आतलं काही दिसणार नव्हतं. पॅटर्न त्याला पाठ होता. काळ्या काचेवर तो अंदाजाने बोट फिरवत राहिला. टचही गेला होता.

"आत हाय ना पण ती?"

"आहेत फोटो, भाऊ. पण मला उघडता येत नाही. आधी स्क्रीन बदलावी लागेल."

त्या मॉडेलची स्क्रीन जव्हारात कुठे मिळेना. तो नाशिकला जाऊन आला आणि थेट माझ्याकडे आला. फोन झगझगीत चालू होता. केबल लावली, परवानगी दिली, फोल्डर पहिल्या फटक्यात उघडलं. आत कंपनीने दिलेली दोन-चार चित्रं, बाकी काही नाही. दुरुस्त करणाऱ्याने फोन रिसेट मारला होता, आतलं सगळं पुसलं गेलं होतं.

मी फाइल परत आणायचं एक सॉफ्टवेअर चालवलं. त्यातून काही निघणार नाही हे ठाऊक होतं, पण तो शेजारी स्टुलावर बसला होता आणि मला नाही म्हणवत नव्हतं. शेवटी सांगावंच लागलं.

मग त्याने पिशवीतून तिचं आधारकार्ड काढलं. त्यावरचा फोटो मी स्कॅन करून मोठा केला, जमेल तेवढा साफ केला. कागद बाहेर आला तो त्याने उजेडाला धरला.

"अशी नव्हती ती," तो म्हणाला.

मी स्कॅनरमधून आधारकार्ड काढून त्याच्या हातात दिलं. ते पिशवीत ठेवत त्याने विचारलं, "फ्रेम कुठली बसंल याला?"