डावीकडचा तबला

घर रंगवायचं ठरलं तसं माळ्यावरचं सगळं खाली आलं. त्यात आमच्या मालकांचा, म्हणजे घरधन्यांचा, स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर, कॅसेटचा डेक आणि दोन लाकडी स्पीकर. मालक जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून ते सगळं माझ्या जुन्या लुगड्यात बांधलेलं. सून मला आत्या म्हणते. म्हणाली, "आत्या, शनिवारी भंगारवाला येणार हाय. वाजत असंल तर ठेवू, नसंल तर जागा तरी मोकळी हुईल." तिचंही चूक नाही. दोन खोल्यांत पाच माणसं आम्ही.

मी म्हटलं, बघते.

मंगळवार पेठेत मालकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माझी शाळा चौथीपर्यंत. पण दुपारी डबा घेऊन जायची ती तिथंच बसायची, आणि बसून बसून सोल्डर मारायला शिकले. मालकांच्या दोन गोष्टी पक्क्या. बंद पडलेलं जुनं मशीन थेट प्लगात घालायचं नाही, शंभर वॅटच्या बल्बातून वीज द्यायची. बल्ब भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट, पेटून मंदावला तर भ्यायचं कारण नाही. आणि दोष शोधताना एका वेळी एकच वस्तू बदलायची.

तसला पिवळा बल्ब आता मिळतोय कुठं. दुकानदार म्हणाला, "आजी, कुठल्या काळात हायसा?" शेवटी गारगोटीला राहणाऱ्या भावानं कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायचा बल्ब एसटीनं पाठवला. तो लावला. पेटला, मंदावला. मी खालीच बसले कामाला, गुडघ्याचं उठताना बघू म्हणून.

दोन कपॅसिटर फुगले होते, ते बदलले. नॉब खरखरत होते, ते पुसले. पूर्वी तासाचं काम, आता हात कापतो, चष्मा घसरतो. तीन दिवस गेले. रोज वाटायचं, कशाला हा उपद्व्याप, देऊन टाकावं.

गुरुवारी भजनाची कॅसेट लावली. तिच्यात पेटी उजवीकडनं येते, तबला डावीकडनं. पेटी झकास. तबला मात्र शेजारच्या घरात कुणी वाजवल्यागत. म्हटलं, डावी बाजू गेली.

स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली. तबला उजवीकडं आला आणि खणखणीत वाजला, पेटी डावीकडं जाऊन दबली. म्हणजे मशीन चांगलं, डावीकडचा डबा, स्पीकरच तो, खराब. मग तारा जागच्या जागी ठेवून नुसते डबे उचलून इकडचा तिकडं केला. कंबर धरली. तरी डावीकडचाच आवाज दबलेला. म्हणजे डबेही चांगले.

सून दारात उभी राहून बघत होती. तिला विचारलं, "तुला दोन्ही सारखं ऐकू येतंय का?"

"येतंय की. दोन्हीकडनं येतंय."

"डावीकडनं बारीक न्हाय?"

"न्हाय ओ आत्या. तुम्ही उगं किती वेळ उचलापाचल करताय."

मशीन झालं, तारा झाल्या, डबे झाले. बदलायची राहिलेली मी एकटीच. खुर्ची उलटी केली, पाठ डब्यांकडं करून बसले. इतका वेळ दबलेली पेटी आता उजव्या हाताला आली आणि साफ ऐकू आली. तबला डाव्या हाताला जाऊन दबला.

फोन मी नेहमी उजव्या कानाला लावते. सून म्हणते, हाक मारली तर आत्या ऐकून न ऐकल्यागत करतात. मी तिच्यावर चिडायची.

तिला डाव्या कानाचं सांगितलं. ती जवळ येऊन माझ्या उजव्या बाजूला बसली. म्हणाली, "दवाखान्यात जाऊया."

"जाऊया. पण ह्याचं काय करायचं?"

"वाजतंय न्हवं? मग ऱ्हाऊ दे."

शनिवारी भंगारवाला फुटकी बादली आणि पंख्याची पाती घेऊन गेला.

अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण आहे. ते दाबलं की दोन्ही डब्यांतनं सगळं सारखंच येतं. मालकांना त्याचा भारी राग. म्हणायचे, "स्टिरिओ घेऊन मोनोवर ऐकायचा म्हंजे दावणीला जोडी असून एकच बैल जुंपायचा." घरात ते बटण कधी कुणी दाबलं नव्हतं.

खुर्ची सरळ केली आणि दाबलं. पेटी आणि तबला, दोन्ही उजवीकडनंच आले.