निळा पडलेला सांधा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून माझं तसं काही लपत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही.

दुष्काळाची वर्षं होती. आमच्या गारखेड्यात इमारतींवर इमारती उठत होत्या, नळ मात्र कोरडे. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तपासनीस होतो. तिथे पिशोरचे दगडूमामा टायटॅनियमचे पाइप वेल्डिंगने जोडायचे. या धातूचं मला जे कळतं, ते त्यांनीच शिकवलेलं. तापलेला असताना तो हवेतला ऑक्सिजन पिऊन घेतो. मग आणखी कडक होतो, पण लवत नाही — मोडतो. म्हणून सांधा निवेपर्यंत त्यावर आर्गॉन वायू सोडून ठेवायचा. मामांचा सांधा चांदीसारखा निघायचा.

त्या संध्याकाळी शेवटचा सांधा मारून मामा एसटी गाठायला निघाले. जाताना म्हणाले, "साहेब, गॅस चालूच ऱ्हाऊ द्या. निवू द्या त्याला." तेवढ्यात घरून फोन — टँकर आलाय. मी कॉक बंद केला आणि सुटलो.

सकाळी पाहिलं तर सांधा निळा. म्हणजे हवा आत मुरलेली, कापून टाकायचा. मी काय केलं? मामा यायच्या आत तारेच्या ब्रशने निळाई घासून काढली. आणि सही केली.

गिऱ्हाइकाकडे पाइप त्याच सांध्यावर तडकला. तुकडा परत आला, सोबत अहवाल — सांध्यात ऑक्सिजन. मालकांनी मामांना बोलावलं. मी शेजारीच उभा.

मामा तुकडा उलटसुलट करून बघत राहिले. "गॅस साहेबांनी बघितला व्हता, ते नाय चुकायचे. माझाच हात हलला असंल."

ते भांडले असते तर मी बोललो असतो का? नाही. स्वतःला ओळखतो मी. त्याच आठवड्यात त्यांनी काम सोडलं, पुन्हा कधी वेल्डिंगचा टॉर्च धरला नाही.

वर्षभराने पिशोरच्या बाजारात भेटले. आग्रहाने चहाला बसवलं. मग दोन्ही हात माझ्यापुढे धरले — "बघा बरं साहेब, थरथरत्यात का?"

हात जराही हलत नव्हते.

"थोडे," मी म्हणालो.

"व्हय," मामा म्हणाले, "मलाबी तसंच वाटतं." आणि त्यांनी हात खिशात घातले.