बाइंडरकाकूंचा बुधवार

छापखान्यात एकतीस वर्षं पुस्तकं बांधून बाइंडरकाकूंचा हात असा बसला होता, की डोळे मिटूनही सोळा पानांची घडी बरोबर पडायची. शाळेशी मात्र त्यांचं कधी जमलं नव्हतं. चौथीत सुटली ती सुटलीच. म्हणून शाळेच्या फाटक्या पुस्तकांचं काम मिळालं, तेव्हा त्या मुकाट्याने व्हरांड्याच्या टोकाला बसल्या. बाई दिसल्या की त्या अजूनही मान खाली घालायच्या.

मधल्या सुट्टीत तिसरीची पोरं भोवती जमली.

"पुस्तक शिवतात?" एकाने विचारलं.

"मग? नुसतं खळीने चिकटवून किती दिवस टिकेल?"

वर्गाच्या बाई मागे उभ्या राहून ऐकत होत्या. लिहायचं म्हटलं की त्यांच्या अख्ख्या वर्गाच्या पेन्सिली हरवायच्या. त्या म्हणाल्या, "काकू, माझ्या पोरांना वही शिवायला शिकवाल?"

"मी? अहो, मला धड जोडाक्षरं वाचता येत नाहीत."

"आणि मला धड टाका घालता येत नाही. या बुधवारी."

बुधवारी वर्गात दोऱ्यांचा नुसता गुंता झाला. एका मुलीचं नावच पडलं होतं घाईगडबड. तिची वही सगळ्यांत आधी झाली, पण मुखपृष्ठ उलटं. तिची हनुवटी थरथरायला लागली.

काकू शेजारी बसल्या. "उसव. माझ्या पहिल्या पुस्तकात तिसऱ्या पानाआधी अकरावं आलं होतं."

तिने तीनदा उसवलं, चौथ्यांदा जमलं. वही उघडझाप करत तिने विचारलं, "अशी दुकानात मिळते?"

"छे. एवढी वाकडी कोण विकायला ठेवेल?"

दोघी हसत सुटल्या.

पुढच्या बुधवारी बाईंनी तीच वही काकूंच्या हातात दिली. आतापर्यंत दोन ओळींवर न गेलेल्या पोरीने पाच पानं भरली होती. काकू अक्षरांखाली बोट ठेवून वाचू लागल्या. अडल्या, की घाईगडबड हळूच सांगायची.

'सुईत दोरा ओवा. तो जाणार नाही. बाई बघत नसतील तर थुंकी लावा. परत ओवा. चुकलं तर काकूंना सांगा. त्या रागावत नाहीत.'

काकूंना पुढचं दिसेना. पदराने डोळे पुसत त्या तशाच उठून घरी आल्या.

"एवढी पुस्तकं बांधली मी," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पण माझ्याबद्दल कुणी लिहिलेलं आज पहिल्यांदा वाचलं. आणि स्वतः वाचलं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या चपला घालू लागल्या.

"आज गुरुवार आहे," नवरा म्हणाला.

"माहीत आहे. काल त्या पोरीचे आणि बाईंचे आभार मानायचे राहिले," काकू म्हणाल्या आणि भराभर जिना उतरल्या.