डाव्या खांद्याची रायफल

माझी पहिली रायफल बाबांनी निवडली आणि चुकीची निवडली. हे आधीच सांगून टाकते, कारण सांगता सांगता माझं डोकं फिरतं आणि मुद्दा राहून जातो.

मी रियाधमध्ये वाढले. बाबा तिथल्या ओलाया भागातल्या एका बँकेत कम्प्लायन्सला आहेत, म्हणजे इतरांनी नियम पाळले की नाही ते दिवसभर बघायचं. घरीही तेच. सोळाव्या वर्षी मी एअर रायफल शिकायला लागले, तेव्हा रेंजवर पोचल्या पोचल्या त्यांनी दारावरची नियमावली वाचून काढली. एकवीसच्या आतल्यांसोबत पालक हजर हवा. दोघांचे इकामे, म्हणजे तिथले रहिवासी परवाने, दाखवायचे. स्वतःची रायफल आणायची नाही, रेंजचीच वापरायची. बाबा खूश. इतके नियम असलेली जागा वाईट असूच शकत नाही, असं त्यांचं मत.

पहिल्याच दिवशी इजिप्शियन कोचने मला भिंतीवरच्या घड्याळाच्या रोखाने अंगठा धरायला लावला आणि आलटून पालटून एकेक डोळा मिटायला सांगितला. माझा डावा डोळा जोरकस निघाला. मी लिहिते, जेवते उजव्या हाताने, पण नेम डाव्या डोळ्याने धरायचा तर रायफल डाव्या खांद्यावर हवी. "खलास," म्हणजे झालं तर, असं म्हणत त्याने कपाटातून रेंजची एकुलती एक डावी रायफल काढून माझ्या हातात दिली. पहिले तीन महिने नुसती चिडचिड झाली. हात ऐकायचेच नाहीत. मग जमायला लागलं, आणि दुसऱ्या वर्षी इतकं जमलं की मला रेंजवर जायच्या शुक्रवारशिवाय काही सुचेना.

बारावीनंतर मी पुण्याला जाणार हे ठरलेलंच होतं. आमच्यासारख्या घरांतली बहुतेक मुलं तेव्हा जातातच. तिथल्या क्लबमध्ये मामाने चौकशी केली, तर सगळ्या रायफली उजव्या हाताच्या. म्हणजे स्वतःची डावी रायफल नसेल तर उजव्या खांद्यावर पुन्हा श्रीगणेशा, आणि दिवाळीनंतरच्या ज्युनियर निवडीला रामराम. मला रायफल हौस म्हणून नको होती हो. दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाऊ नये म्हणून हवी होती.

नवी डावी परदेशातून मागवावी लागते, ती आमच्या आवाक्याबाहेर. पण मार्चमध्ये मामाने पुण्यातल्या एका रायफलींच्या दुकानातून व्हिडिओ कॉल केला. एक वापरलेली डावी विकायला आली होती. मी हॉलमध्ये टेप घेऊन कोपरापासून बोटापर्यंत हात मोजला, मामाने तिकडे दस्ता मोजला, आणि माप असं जुळलं की मी तिथेच सोफ्यावर बसले. दुकानदार मात्र म्हणाला, बिल अठरा पूर्ण असलेल्याच्याच नावावर होईल. माझ्या वाढदिवसाला एकोणीस दिवस होते.

"त्यात काय, माझ्या नावावर कर," मामा म्हणाला.

"नाही," बाबा मागून म्हणाले. "वापरणार ही आणि बिल तुमच्या नावावर, हे मला चालणार नाही."

"अहो दाजी, एकोणीस दिवसांचा प्रश्न आहे."

"मग एकोणीस दिवस थांबू."

आईने समजावलं, मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. बाबा जागचे हलले नाहीत. त्यांनी दुकानदाराला रीतसर ईमेल केली, की कृपया ही वस्तू राखून ठेवावी. राखून कोण ठेवतंय? चौथ्या दिवशी नाशिकच्या कोणीतरी ती नेली. मामा माझ्यापेक्षा जास्त चिडला. पुन्हा म्हणून या भानगडीत पडणार नाही, असं त्याने आईला सांगून टाकलं. मी बाबांशी कामापुरतं बोलायला लागले. शुक्रवारी ते गाडी काढायचे, मी मागच्या सीटवर बसायचे. रेंजवर ते काचेपलीकडच्या खुर्चीत बसायचे आणि मी छर्रे संपेपर्यंत वळूनही बघायचे नाही.

वाढदिवसाला बाबा ऑफिसातून लवकर आले. आईने श्रीखंड केलं होतं. जेवण झाल्यावर त्यांनी माझ्यासमोर एक छापील बिल ठेवलं. माझं पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर, सगळं बिनचूक. त्या दिवशी सकाळीच त्यांनी दुकानदाराला स्वतः फोन करून रायफल घेतली होती. कोणाची मध्यस्थी नाही, दुसऱ्या कोणाचं नाव नाही. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता.

खरं सांगते, माझा सगळा राग तिथेच विरघळला. डावी मिळाली कुठून, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि त्याच वेळी मॉडेलच्या पुढचा शब्द वाचला. उजवी.

"दुकानदाराने विचारलं मला," बाबा सांगत होते. "दोन्ही खांद्यांना चालेल अशी एक होती त्याच्याकडे, पण जरा साधी. तो म्हणाला, मुलगी डावखुरी आहे का? मी म्हटलं, छे, चांगली उजव्या हाताने लिहिते. म्हणून मुद्दाम ही घेतली."

आईने माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं. रेंजवर एकदाही न आलेल्या आईला माहीत होतं.

"बाबा, मी डाव्या खांद्यावर धरते."

"असं कसं? तू तर उजवी आहेस."

मी डोळ्याचं सांगितलं, कोचचं सांगितलं, नाशिकला गेली ती का हवी होती ते सांगितलं. ते बिल उचलून पुन्हा वाचायला लागले. खाली लिहिलं होतं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दोन वर्षं माझ्या मागे बसून तुम्ही काय बघत होतात?"

बाबांनी बिलाची घडी घातली.

"पालकाने हजर राहायचं, असा नियम होता," ते म्हणाले. "मी एकही शुक्रवार चुकवला नाही."

खरंच एकही चुकवला नव्हता.