डावीकडचा स्पीकर

कुडपणच्या मालोजीने दगडखाणीतलं काम सोडून जुनी ओम्नी घेतली, तेव्हा त्याची चाळिशी उलटली होती. सात वर्षं त्याने खडकाला भोकं पाडायचं मशीन चालवलं होतं. गाडी आल्यावर तो आणि बायको राहीबाई पोलादपुरात खोली घेऊन राहू लागले. लग्नाची मंडळी, दवाखान्यात न्यायची माणसं, आंबेनळी घाटातून वर महाबळेश्वरला जाणारे पाव्हणे, अशी भाडी तो मारायचा. टेपवर भजनाची कॅसेट लावली की घाट बरा सरतो, असं त्याचं म्हणणं.

२००२ सालच्या दिवाळीनंतर त्याच्या ध्यानात आलं, की डावीकडचा स्पीकर मेलाय. भजनातली पेटी उजव्या दारातून ऐकू यायची, डावीकडून नुसती कुजबुज. त्याने बटण फिरवून सगळा आवाज डाव्या दाराला दिला. तेव्हापासून शेजारच्या सीटवर बसणारी माणसं कानावर हात ठेवू लागली. एका नवरदेवाच्या मामाने तर पुढे बसायचं सोडून स्वतःला मागे कोंबून घेतलं. मालोजीला त्याचा राग आला नाही. हल्ली त्याला कशाचंच फारसं काही वाटत नसे. राहीबाई आपणहून बोलेनाशी झाली, त्यालाही वर्ष होऊन गेलं होतं. ती जेवायला वाढायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. बायका वयोमानाने गप होतात, एवढं म्हणून त्याने तो विषय मिटवला होता.

महाडला एसटी स्टँडजवळ मुकुलशेठचं टेप-रेडिओचं दुकान होतं. त्याने दोन्ही दारांतले जुने स्पीकर काढून नवे बसवले. दहा दिवसांनी मालोजी परत हजर.

"शेठ, डावा अजून गप हाय. अँप्लिफायर टाका."

"अहो, या स्पीकरना तुमच्या टेपची ताकद पुरेशी आहे," मुकुल म्हणाला. "अँप्लिफायर टाकला की बॅटरीपासून जाड वायर ओढायला लागेल. ठेवायचा तर सीटखाली, आणि तिथे तुमचं इंजिन. तापून जाईल. आधी दोष कुठे आहे ते बघू."

त्याने बटण मधोमध आणलं आणि स्वतः मधे डोकं घालून ऐकलं. दोन्हीकडून आवाज सारखा येत होता. मग त्याने टेपच्या मागच्या डाव्या-उजव्या तारा अदलून-बदलून जोडल्या.

"आता?"

"डावाच गप."

मुकुलने हातातली पक्कड खाली ठेवली. मग म्हणाला, "मालोजीराव, सीटवर गुडघे टेका आणि तोंड मागच्या काचेकडे करा."

मालोजी निमूटपणे उलटा बसला. भजन चालूच होतं.

"आता कुठला गप?"

मालोजीने कान देऊन ऐकलं. मग बोट केलं ते ड्रायव्हरच्या दाराकडे.

मुकुलने टेप बंद केला. "स्पीकर तेच आहेत. फिरलात फक्त तुम्ही. डॉक्टरांना कान दाखवा."

"मंग अँप्लिफायर?"

"नको. मी बसवून देईन, पण उपयोग व्हायचा नाही."

"बरं," मालोजी म्हणाला.

कानाच्या डॉक्टरांनी दोन प्रश्नांत खाणीपर्यंत मजल मारली. डावा कान गेला, तो काही परत येणार नाही, उजवा सांभाळा, असं त्यांनी सांगितलं. मालोजीने मान हलवली आणि बाहेर येऊन टायरमधली हवा बघितली.

घरी तो आठ दिवस काही बोलला नाही. लपवायचं म्हणून नव्हे. सांगण्यासारखं काही आहे, असंच त्याला वाटलं नाही. मग एका दुपारी राहीबाईला बाजाराला महाडला न्यायचं होतं. ती नेहमीप्रमाणे डावीकडे बसली. तिचे ओठ हलल्यासारखे त्याला दिसले, म्हणून तो म्हणाला, "मोठ्यानं बोल गो. माझा डावा कान गेलाय."

राहीबाईने मान वळवली. "कवापासनं?"

"ठाव नाय. दोन वर्सं झाली असतील, असं डॉक्टर म्हनाला."

 नांगलवाडीचा फाटा आला तेव्हा तिने आवाज चढवला, "गेल्या साली हितंच मी तुमाला इचारलं व्हतं."

"काय?"

"येसादादाला लय झालंय, मला वरंधला सोडता का, म्हनून. तुमी समोर बघत रायलात. मी परत इचारलं नाय."

येसाजी म्हणजे तिचा एकुलता भाऊ. कावीळ होऊन पाचव्या दिवशी गेला. राहीबाई पोचली ती मातीलाच. बहीण आजारपणात कशी गेली नाही, याचं मालोजीलाही तेव्हा नवल वाटलं होतं; पण माहेरचं काहीतरी बिनसलं असेल, म्हणून त्याने विचारलं नव्हतं.

"मला आयकाया आलं नाय गो."

"आता कळलं," ती म्हणाली.

आतून काहीतरी उसळून येईल म्हणून मालोजी वाट बघत राहिला. काही आलं नाही. पुढे ट्रक होता, त्याने गिअर बदलला. मात्र महाडला बाजाराकडे वळायच्या जागी तो वळला नाही. गाडी तशीच बिरवाडीवरून वरंधला नेली. 

येसाजीची बायको तुळजाबाई अंगणात भात वाळवत होती. मालोजी पायरीवर बसला आणि सगळं सांगून टाकलं. "राही यायचं म्हनली व्हती. मलाच आयकाया आलं नाय. तिला बोल लावू नका."

तुळजाबाईचा हात भातावरून फिरत होता तो थांबला. "ह्ये दोन दिस दाराकडं बघत व्हते," ती म्हणाली. "मंग बघायचं सोडलं."

ती मालोजीच्या उजव्या बाजूला होती. शब्द न् शब्द त्याला ऐकू आला. मग चहा आला, तो तिघांनी घेतला. निघताना तुळजाबाईने कुंकवाची डबी राहीबाईपुढे केली.

परतताना राहीबाई पुढे बसली नाही. त्याच्या पाठीमागे, उजव्या खिडकीशी बसली, आणि सीटच्या पाठीला धरून बोलू लागली. लहानपणी येसादादा ओढ्यात खेकडे कसे धरायचा, एकदा त्याचं बोट कसं फाटलं, आई त्या दिवशी कशी ओरडली. तिला रडू येत नव्हतं, त्यालाही नाही.  ऐकू येतंय एवढं तिला कळावं, म्हणून मालोजी दर वाक्याला "हं" म्हणत गाडी हाकत राहिला.